रात्री दोनची सहरी

गेल्या रमजानातली गोष्ट आहे. चौथा किंवा पाचवा रोजा असेल. गाढ झोपेत असताना खांद्यावर हात पडला. "उठो बेटा, सहरी का टैम हो गया." अब्बा उभे होते. अंगावर शाल, हातात टॉर्च. मी उठलो, बायको उठली, तिने गॅस पेटवून तवा ठेवला, पीठ मळायला घेतलं. मुलगा डोळे चोळत पाटावर येऊन बसला. आणि मग माझं लक्ष मोबाइलकडे गेलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सहरी संपायला अजून तीन तासांहून जास्त वेळ होता.

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या रात्री मात्र मी भडकलो. सकाळी कॉलेजात तोंडी परीक्षा होत्या, डोकं ठणकत होतं. मुलासमोर, बायकोसमोर मी अब्बांना म्हणालो, "अब्बा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? भिंतीवर एवढं मोठं घड्याळ आहे, ते बघता येत नाही?"

ते काही बोलले नाहीत. टॉर्च बंद करून आपल्या खोलीत गेले. त्यानंतर त्यांनी कुणालाच उठवलं नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला. दोन-तीन दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा दिसलं, अब्बा पलंगावर अंधारात बसले आहेत. दिवा लावला तर आमची झोप मोडेल म्हणून लावला नव्हता. मोबाइल पाहिला. सव्वादोन.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. घड्याळ म्हणजे भिंतीवरचं तेवढंच, असं म्हणायचा हक्क मला तरी नव्हता.

अब्बांनी तीसएक वर्षं इचलकरंजीत माग चालवला. इतर गावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे माग म्हणजे यंत्रमाग. रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसाची, पुढचा आठवडा रात्रीची. म्हणजे शरीराला एका वेळेची सवय लागते न लागते तोच ती मोडायची. माझ्या लहानपणी अब्बा झोपलेले असले की घरात आवाज करायचा नाही, हा कायदा होता, आणि ते कधी झोपलेले असतील याचा मात्र काही नेम नव्हता. रात्रपाळीत दोन वाजता चहाचा पोऱ्या किटली घेऊन यायचा. धोट्याचा खडखडाट, हवेत उडणारी रुई आणि दोनचा तो चहा. अब्बा अजूनही सांगतात, तो चहा नसता तर हाताची बोटं गेली असती.

साहजिकच मला पहिल्यांदा वाटलं, हे दोनचं उठणं मागाचं देणं आहे. आणि दुसरा संशयित तोच, चहा. मी लगेच निर्णय घेतला: इफ्तारनंतर अब्बांना चहा बंद. जीवशास्त्राच्या मास्तराला घरात कुणी विचारत नाही. अशा वेळी मिळालेला अधिकार मास्तर सोडत नाही.

चहावर बंदी घालताना माझ्या डोक्यात एक प्रयोग होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेत पाच जणांना एकूणपन्नास दिवस प्रयोगशाळेत ठेवून हा अभ्यास झाला. झोपण्याच्या तीन तास आधी, दोन कडक एस्प्रेसोमध्ये असतं साधारण तेवढं कॅफीन त्यांना दिलं. त्यांच्या शरीरातलं घड्याळ जवळजवळ चाळीस मिनिटं मागे पडलं. झोप उशिरा लागली एवढंच नाही. रात्र झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरकच उशिरा वाढू लागलं. त्याच संशोधनात माणसाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना कॅफीन दिलं, तेव्हा त्या पेशींचा दिवसही लांबला. तिथे मेंदू नव्हता, डोळे नव्हते, झोपही नव्हती. नुसत्या पेशी होत्या आणि कॅफीन होतं.

बशीतल्या पेशीला दिवस असतो, हे वाक्य वर्गात सांगितलं की मुलं संशयाने बघतात. मलाही ते पचायला वेळ लागला होता. आमच्या शिकण्याच्या काळात पाठ्यपुस्तकातलं चित्र सोपं होतं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथे वर, साधारण वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका असतो. तो मुख्य घड्याळजी. बाकी शरीर त्याचं ऐकतं. मग १९९८ साली जिनिव्हात उली शिबलर यांच्या प्रयोगशाळेत, उंदराच्या कितीतरी वर्षं बशीत वाढवलेल्या पेशींमध्येही साधारण चोवीस तासांचा ताल सापडला. पुढे यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, कातडी, जिथे पाहावं तिथे घड्याळं निघाली. मेंदूतला पुंजका त्यांची वेळ जुळवून देतो, पण चालतात ती आपली आपण. त्याच प्रयोगशाळेने २००० साली आणखी एक गोष्ट दाखवली. रात्री चरणाऱ्या उंदरांना फक्त दिवसा खायला दिलं, तर त्यांच्या यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळेला जाऊन मिळतं. मेंदूचं मात्र उजेडालाच धरून राहतं. एकाच शरीरात दोन वेळा. हे वाचलं तेव्हा मला अब्बांची रात्रपाळी आठवली होती, दोन वाजताच्या चहाबरोबरचा तो पाव आठवला होता.

पेशीतलं घड्याळ चालतं कसं, याचा मूळ आराखडा माशांवरून कळला. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेन्झर यांना फळांवरच्या माशांचे तीन विचित्र वाण मिळाले. एकाचा दिवस एकोणीस तासांचा, एकाचा अठ्ठावीस तासांचा, तिसऱ्याला दिवसच नाही, केव्हाही जाग, केव्हाही झोप. तिन्हींचा बिघाड एकाच जनुकात होता. त्या जनुकावर पुढे काम करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत ढोबळमानाने असं होतं: दोन प्रथिनं मिळून काही जनुकं सुरू करतात. त्यांतून पिरियड आणि क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं तयार होतात. ती पुरेशी साठली की एकमेकांना धरून पेशीच्या केंद्रकात जातात आणि आपलंच उत्पादन बंद पाडतात. मग हळूहळू त्यांची मोडतोड होते, आणि बंद पडलेलं काम पुन्हा सुरू होतं. या एका फेऱ्याला लागतात साधारण चोवीस तास.

हे मी एकदा अब्बांना समजावून सांगितलं होतं. फार वर्षांपूर्वी, मी एम.एस्सी. करत असताना. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते मोटारीचं झालं. पट्ट्याचं काय?" मागाला मोटर फिरवते, पण मधे पट्टा असतो. पट्टा ढिला पडला की मोटर तीच, वीज तीच, तरी मागाचा वेग उतरतो. मागवाला कानाने ओळखतो. तेव्हा मी त्यांना हसण्यावारी नेलं होतं. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. पुढे मला कळलं की शास्त्रज्ञही नेमकं तेच विचारत होते.

हा पट्टा म्हणजे पेशीतले लहान रेणू. जनुकं आणि प्रथिनं हे अवाढव्य कारभारी. त्यांच्यापुढे हे रेणू म्हणजे चिल्लर. पण घड्याळ किती वेगाने चालायचं यात त्यांचा हात आहे. कॅफीन ज्याच्या वाटेने काम करतं तो चक्रीय एएमपी हा असाच एक रेणू; तो घड्याळाचा नुसता हरकाम्या नसून घड्याळाचाच एक भाग आहे, असं २००८ मध्ये केंब्रिजमधल्या संशोधकांनी मांडलं. अन्नातून ऊर्जा काढताना लागणारा एनएडी हा दुसरा. त्याचं प्रमाण दिवसभरात वरखाली होतं, ते घड्याळच ठरवतं, आणि तोच उलटून घड्याळावर परिणाम करतो, हे २००९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. ताण्याने बाण्याला धरावं आणि बाण्याने ताण्याला, तसा हा प्रकार आहे.

मला सगळ्यात चकित केलं ते रक्ताच्या थेंबाने. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. म्हणजे जनुकं नाहीत. वर सांगितलेला सगळा आराखडा तिथे गैरहजर. तरी २०११ मध्ये जॉन ओनील आणि अखिलेश रेड्डी यांनी माणसाच्या तांबड्या पेशी अंधारात, एकाच तापमानात ठेवल्या आणि त्यांत चोवीस तासांचा ताल दाखवला. हायड्रोजन पेरॉक्साइड या छोट्याशा रेणूचा बंदोबस्त करणारं एक प्रथिन त्या पेशींत असतं. त्याचं रूप ठरावीक वेळाने बदलत राहतं, दिवसामागून दिवस. मोटर काढून घेतली तरी काहीतरी फिरत होतंच.

असो. तर अब्बांच्या दोन वाजताच्या उठण्याकडे येतो.

माझ्या धाकट्या भावाला मी फोनवर हे सगळं सांगितलं. तो पुण्यात असतो, ऑनलाइन खरेदीचा शौकीन आहे. चार दिवसांत घरी एक पार्सल आलं. आत कॅप्सूलची बाटली. स्पर्मिडीन. वर तरुण पेशींचं वगैरे चित्र. त्याने इंटरनेटवर वाचलं होतं की या रेणूने म्हाताऱ्यांचं घड्याळ दुरुस्त होतं.

ही बातमी निव्वळ खोटी नव्हती, आणि अडचण तिथेच होती. स्पर्मिडीन हा पॉलिअमाइन या कुटुंबातला रेणू. प्युट्रेसिन, स्पर्मिडीन, स्पर्मिन अशी त्या कुटुंबातली मुख्य नावं. नावं घाण आहेत, कारण पहिला सडक्या मांसाशी आणि दुसरे दोघे वीर्याशी जोडले गेले. पण असतात ते प्रत्येक जिवंत पेशीत. आपलं शरीर ते स्वतः बनवतं, आणि गव्हाचा अंकुर, सोयाबीन, मटार, मशरूम यांतूनही ते मिळतात. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत गाद आशेर यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं की हे रेणू पेशीत कमी झाले की घड्याळाचा फेरा लांबतो. पिरियड आणि क्रिप्टोक्रोम ही प्रथिनं एकमेकांना कशी धरतात यातच ते ढवळाढवळ करतात. हे रेणू बनवणारी यंत्रणाही पुन्हा घड्याळाच्याच हुकमात असते. उंदरांचं वय वाढलं की शरीरातले हे रेणू घटतात आणि त्यांचा दिवस लांबतो. म्हाताऱ्या उंदरांच्या पाण्यात स्पर्मिडीन मिसळलं, तेव्हा त्यांचं घड्याळ पुन्हा काही मिनिटांनी वेगात आलं.

भाऊ फोनवर म्हणाला, "मग? देऊन तर बघू."

मी म्हणालो, "ते उंदीर होते. आणि उंदरांचं घड्याळ मागे पडत होतं. अब्बांचं पुढे पळतंय. त्यांना ते आणखी पळवणारी गोळी देतोस?"

तो गप्प झाला. खरं सांगायचं तर मीही गप्प झालो, कारण हे वाक्य तोंडातून निघेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. अब्बा ईशाची नमाज कशीबशी पुरी करतात, तरावीहला बसल्याबसल्या पेंगतात, साडेनऊला झोपतात आणि दोनला टक्क जागे होतात. माणसाचं वय वाढलं की बहुतेकांचं असंच होतं. झोप आणि जाग दोन्ही अलीकडे सरकतात, गाढ झोप कमी होते. आणि मी चहा बंद केला होता. कॅफीनवरच्या त्या प्रयोगात घड्याळ मागे पडलं होतं, म्हणजे अब्बांच्या तक्रारीच्या बरोबर उलट. चहाने झोप विरळ होते हे खरं, म्हणून रात्री तो नको म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण मी ज्या तोऱ्यात शास्त्राचं नाव घेऊन तो काढून घेतला, ते शास्त्र माझ्या बाजूने नव्हतं.

डॉक्टरांकडेही नेलं होतं. त्यांनी दोन मिनिटांत झोपेची गोळी लिहून दिली. त्या गोळीने अब्बा सहरीला उठलेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचले. ती आम्ही विचारून बंद केली. कॅप्सूलची बाटली न फोडता परत पाठवली. अब्बा रक्तदाबाचं औषध घेतात. त्यांच्यावर घरगुती प्रयोग करायला आम्ही कोण?

या धांदलीत एक जुना शोधनिबंध पुन्हा काढून वाचला. स्वित्झर्लंडमधला, २०११ चा. त्यांनी तरुण आणि वृद्ध माणसांच्या कातडीचे कण घेऊन पेशी वाढवल्या. अपेक्षा अशी की म्हाताऱ्याच्या पेशीचं घड्याळ म्हातारं असेल. तसं निघालं नाही. दोघांच्या पेशी सारख्याच तालात चालल्या. मग त्यांनी त्याच पेशींना माणसाच्या रक्तातलं द्रव, म्हणजे सीरम, घातलं. काहींना तरुणांचं, काहींना वृद्धांचं. वृद्धांचं सीरम मिळालेल्या पेशींचा दिवस आखूड झाला, वेळ अलीकडे सरकली. पेशी तरुणाची असली तरीसुद्धा. आणि तेच सीरम आधी तापवून घातलं तर हा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे त्या द्रवात उष्णतेने मोडणारं काहीतरी फिरत होतं आणि ते पेशीला सांगत होतं, चल लवकर, वेळ झाली.

मी हे वाचून बराच वेळ तसाच बसलो. म्हातारपण पेशीच्या घड्याळात नव्हतं. पेशीला वेढून वाहणाऱ्या रक्तात होतं. उद्या माझ्या पेशींना अब्बांचं सीरम दिलं, तर कदाचित त्याही दोन वाजता उठून टॉर्च शोधतील. आणि मी त्यांना विचारलं होतं, डोकं ठिकाणावर आहे का?

त्यांच्या बाबतीत यातलं किती वयाचं आणि किती तीस वर्षांच्या रात्रपाळीचं, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. रात्रपाळीने माणसाचं काय होतं यावर जगात आता पुष्कळ काम झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीचं काम बहुधा कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. ही यादी आमच्या गल्लीतल्या एकाही कारखान्याच्या भिंतीवर लागलेली मी पाहिली नाही. तिथे पाळ्या अजून तशाच आहेत, आठ ते आठ. आमच्या मोहल्ल्यातली विशी-पंचविशीतली मुलं रमजानातही रात्री माग चालवतात, सहरी मागाशेजारीच उरकतात आणि रोजा ठेवून दिवसा झोपायचा प्रयत्न करतात. त्यांच्या यकृताला आणि मेंदूला कोणती वेळ ठाऊक असेल, देव जाणे.

शेवटच्या अशऱ्यात एका रात्री मीच गजर लावून दोनला उठलो. अब्बा अंधारात बसले होते. मी दिवा लावला. ते घाईने म्हणाले, "मैने आवाज नहीं किया." ते ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. मी म्हणालो, "अब्बा, माझं चुकलं. मी असं बोलायला नको होतं." ते म्हणाले, "जाने दे." मग थोड्या वेळाने, "चाय मिलेगी?"

दोन कप चहा केला. त्यांनी सवयीप्रमाणे बशीत ओतला. मी त्यांना सीरमची गोष्ट सांगितली, मागाच्या भाषेत. त्यांनी विचारलं, "म्हणजे माग बिघडला नाही, कारखान्याची हवा बदलली?" हवेत दमटपणा कमी झाला की सूत तुटायला लागतं, त्यात मागाचा दोष नसतो, हे त्यांनी मला मग दहा मिनिटं समजावलं. बाहेर कुठेतरी माग चालूच होते. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, दोन माग बंद आहेत तिथले, पोरं झोपली असतील.

आता घरात वाटणी झाली आहे. दुपारचा आणि इफ्तारनंतरचा चहा त्यांना परत मिळाला आहे, अर्धा कप. रात्री जाग आली की त्यांनी दिवा लावायचा, तस्बीह करायची, रेडिओ ऐकायचा. संध्याकाळी मुलगा त्यांना गच्चीवर घेऊन जातो, कारण मावळतीचा उजेड डोळ्यांवर पडला तर घड्याळ थोडं मागे सरकायला मदत होते. अजून तरी दोनचे अडीच झालेत, एवढंच. आणि सहरीला सगळ्यांना उठवायचं काम पुन्हा त्यांच्याकडेच दिलं होतं. बायकोने पलंगाशेजारी मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणून ठेवलं. उरलेल्या सगळ्या रोजांना बरोबर सव्वाचार वाजता खांद्यावर हात पडत राहिला. फक्त ईदच्या दिवशीही पडला.